नवव्या रकान्यातलं भोक

आधी शिसं, मग शाई. हा आजोबांचा नियम, आणि आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली तरी या घरात तो कुणी मोडला नव्हता. घराबाहेर जाणारा कुठलाही कागद, मग तो अर्ज असो, तक्रार असो, नाहीतर दुधवाल्याला लिहिलेली चिठ्ठी असो, आधी पेन्सिलीने लिहायचा आणि जेवणाच्या टेबलावर ठेवायचा. ज्याला जे खटकेल ते त्याने आपापल्या पेन्सिलीने दुरुस्त करायचं. सगळ्यांचं एकमत झालं की मगच पेन उघडायचं. पोस्टाच्या पायरीवर बसून लोकांची पत्रं लिहून देणाऱ्या माणसाला हा नियम शोभत होता, कारण त्याच्या वेळी घरात पेन्सिलच एक होती. आता पाच होत्या. त्या पाचही भाषेच्या पदवीधरांच्या हातात होत्या, तेव्हा एकमताची काय अवस्था होत असेल ते तुम्हीच समजून घ्या.

त्या शुक्रवारी दुपारी दीड वाजता टेबलावर गोगीचा फॉर्म पडला होता. मोठ्या इस्पितळात दुभाष्याची एक जागा निघाली होती. डोंगरापलीकडून कामाला आलेली माणसं आजारी पडली की त्यांच्या आणि डॉक्टरांच्या मध्ये बसायचं, यांचं त्यांना आणि त्यांचं यांना सांगायचं. गोगीने चार वर्षं तीच भाषा शिकली होती. फॉर्म शिक्का मारलेला, नंबर घातलेला, माणशी एकच. आज पाचच्या आत हातोहात नेऊन द्यायचा होता. घरात येऊन त्याला नऊ दिवस झाले होते आणि अजून त्यावर शाईचा ठिपकाही पडला नव्हता.

"आठ रकान्यांचं तर ठरलंय," बाबा म्हणाले. "राहिला नववा."

नववा रकाना तळहाताएवढा होता. वर छापलं होतं : 'आपली काम करण्याची पद्धत थोडक्यात लिहा.' खाली गोगीने पहिल्याच दिवशी लिहिलं होतं : 'मी हळू काम करते. सगळं ऐकून किंवा वाचून झाल्याशिवाय मला पहिलं वाक्य सुचत नाही.'

त्या दोन वाक्यांवरून नऊ दिवस घरात महाभारत चाललं होतं. आत्याने लाल पेन्सिलीने ती खोडून 'मी जलद आणि अचूक काम करते' असं लिहिलं. काकांनी निळ्या पेन्सिलीने 'मी मन लावून काम करते' असं केलं. सकाळी उठून बघावं तर लाल नाही नि निळं नाही, गोगीचीच दोन वाक्यं जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल, पुन्हा निळं, आणि सकाळी पुन्हा तेच.

"पोरगी मुखदुर्बळ म्हणता," आत्या म्हणाली, "पण बघा. तोंडातून चकार शब्द नाही आणि रात्रीत उठून आमचं सगळं पुसून मोकळी. गोगलगाय नि पोटात पाय."

गोगलगायीवरूनच तिचं गोगी झालं होतं. ठेवलं होतं काकांनी, ती चार वर्षांची असताना. गोगी खिडकीपाशी स्टुलावर बसली होती. ती काही बोलली नाही.

खरं सांगायचं तर तिला बोलायचं होतं. पण तिची रीत अशी की समोरच्याचं पूर्ण ऐकावं, मग विचार करावा, मग बोलावं. या घरात समोरच्याचं पूर्ण होतच नसे. एकाचं वाक्य अर्ध्यावर असताना दुसरा ते उचले आणि दुसऱ्याचं तिसरा. लहानपणी ती जेवताना वाट बघत बसे की आता सगळ्यांचं संपेल, मग मी शाळेतलं सांगीन. तोवर ताटं उचलली जात. तिचं शाळेतलं तिने आईला ओट्यापाशी सांगितलं, बारा वर्षं.

"अगं, तू हे पुसतेस कशाला?" काका म्हणाले. त्यांचं अख्खं आयुष्य वर्तमानपत्राची प्रुफं तपासण्यात गेलं होतं आणि दुसऱ्याच्या वाक्याला हात लावल्याशिवाय त्यांना चहा पचत नसे. "खोटं लिही असं मी म्हणतच नाही. ताईचं 'जलद' मलाही मान्य नाही. पण आपण होऊन आपल्या पायावर धोंडा का पाडून घ्यायचा? बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत."

"म्हणजे मी कुळीथ विकते का?" आत्या म्हणाली. "तीन वेळा. तीन वेळा नापास झालीये ती चाचणीत. आता ही चौथी संधी, आणि नशिबाने इथे लेखी परीक्षा नाही, फक्त फॉर्म आणि प्रात्यक्षिक. त्यात आपणच लिहून द्यायचं की मी हळू आहे? कोण घेईल हिला?"

भाषा मंडळाची ती चाचणी पास झाल्याशिवाय कुठलीही कंपनी भाषेच्या पदवीधराला दारात उभं करत नव्हती. ऐंशी प्रश्न, चाळीस मिनिटं, पास व्हायला साठ बरोबर हवेत. गोगीने तीनदा दिली. पहिल्यांदा छप्पन्न प्रश्न सोडवले, मग सत्तावन्न, मग अठ्ठावन्न. सोडवलेल्यातला एकही चुकला नव्हता. बाकीचे कोरे.

तेवढ्यात भोवरा आला. काकांचा मुलगा, गोगीच्याच वर्गात होता, तिच्यापेक्षा तीन महिन्यांनी धाकटा. त्याचं ऑफिस दोन चौक पलीकडे होतं आणि तो जेवायच्या सुट्टीत आला होता. उभ्याउभ्याच त्याने टेबलावरचा पाव उचलला.

"अजून नववाच?" तो म्हणाला. "गोगे, सरळ 'जलद' लिही. सगळे तेच लिहितात. मीपण तेच लिहिलंय."

"ऐका," आत्या म्हणाली. "ज्याला नोकरी आहे त्याचं ऐका."

भोवऱ्याने चाचणी एकतीस मिनिटांत संपवली होती. त्याला चौसष्ट मिळाले आणि पंधरा दिवसांत एका पंख्यांच्या कंपनीत चिकटला. डोंगरापलीकडच्या गिऱ्हाइकांचे तक्रारीचे फोन घ्यायचे. तीन महिने लागोपाठ भिंतीवरच्या तक्त्यात त्याचं नाव पहिलं होतं. काकांनी त्या तक्त्याचा फोटो वरच्या मजल्यावर फ्रिजला लावला होता.

भोवऱ्याने पावाचा घास गिळला. आत्याचा विजयी चेहरा बघून त्याला एकदम कसंतरी झालं. गोगी त्याच्याकडेच बघत होती, रागाने नाही, नुसतीच. वर्गात सहा वर्षं, पाचवीपासून दहावीपर्यंत, ती त्याच्या शेजारी बसली होती. त्याची अर्धी उत्तरपत्रिका तिच्या पेपरवरून उतरलेली होती, आणि हे त्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

"माझं फार ऐकू नका," तो म्हणाला. "माझा नंबर पहिला का येतो माहितीये? मी फोन लवकर उरकतो. माणसाचं अर्धं ऐकतो, कळलं म्हणतो, काहीतरी सांगून ठेवून देतो. मग त्याचा पंखा काही सुरू होत नाही, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करतो, पुन्हा मीच घेतो. आमच्याकडे फोन मोजतात. एका पंख्याचे माझे चार-चार फोन होतात."

काकांनी चष्मा काढला. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही फ्रिजवर फोटो लावला होता, बाबा. आता काय सांगणार."

दारात उभ्या असलेल्या आईला हसू आलं, पण तिने ते पदराआड घेतलं. काका मुलाकडे बघत राहिले. मग त्यांनी निळी पेन्सिल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ठीक आहे. पोरीचं वाक्य राहू दे. माझी माघार."

"वा," आत्या म्हणाली. "म्हणजे मी एकटी पडले."

"ताई, तसं नाही..." काका म्हणाले.

"तसंच आहे. तुम्ही सगळे गोड गोड बोला आणि मुलीला घरी बसवा. वाईटपणा घ्यायला मी आहेच." तिने फॉर्म पुढे ओढला, खोडरबर घेतलं आणि नवव्या रकान्यात गोगीच्या वाक्यावर जोरात घासलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा रबर पलीकडे गेलं.

कागदाला भोक पडलं होतं. चांगलं रुपयाएवढं, कडेला कापसासारखे तंतू. भोकातून खालच्या टेबलक्लॉथचा हिरवा रंग दिसत होता.

स्वयंपाकघरातल्या नळातून थेंब पडत होते ते ऐकू येत होतं. पावणेतीन वाजले होते.

"एवढ्याशा रबराने?" आत्या म्हणाली. तिचा आवाज पार उतरला होता. "मी काही इतकं जोरात..."

"तुझ्यामुळे नाही, ताई," बाबा म्हणाले.

बाबा तिघा भावंडांत सगळ्यांत धाकटे. ते सरकारी कागदपत्रांची भाषांतरं करत, जन्माचे दाखले, मृत्यूचे दाखले, आणि सहीखाली 'मूळ मजकुराप्रमाणे' असा शिक्का मारत. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीही ताईसमोर त्यांना आपलं म्हणणं पुरतं मांडता येत नसे. ताईने बोट धरून शाळेत नेलेलं, ताईने फी भरलेली. तिच्याशी वाद घालायचा तर शब्द घशातच अडकत. मग त्यांनी दुसरा मार्ग काढला होता.

"रोज पहाटे मी पुसत होतो," ते म्हणाले. "तुझं आणि दादाचं. आणि तिचं वाक्य परत लिहीत होतो, तिच्या अक्षरासारखं. आठ दिवस. कागद तेव्हाच विरला असणार."

गोगीने वळून बाबांकडे बघितलं. तिला वाटत होतं आईने पुसलं असेल. बाबांनी, ही गोष्ट तिच्या डोक्यातही आली नव्हती. बाबा कधी तिला मार्कांवरून बोलले नव्हते, पण तिच्या बाजूनेही कधी बोलले नव्हते.

"अरे मग तोंडाने सांगायचं नाही का?" आत्या म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

आत्या खुर्चीत मागे टेकली. काका उठून फॉर्म उजेडात धरून बघू लागले, मग खाली ठेवला. "नवीन मिळत नाही," ते म्हणाले. "नंबर आहे त्यावर. संपलं सगळं. पाच पदव्या घरात, आणि एक फॉर्म धड भरता आला नाही. हसावं की रडावं?"

गोगी उठली. ती आत्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली आणि तिने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आत्या, जाऊ दे," ती म्हणाली. "दुसरं काहीतरी बघू."

त्या हाताने आत्या मोडली. रागावली असती पोरगी तर सोपं झालं असतं. ती निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, आणि ही एक गोष्ट तिने चार वर्षं छातीत दाबून ठेवली होती.

"ती चाळीस मिनिटं माझी आहेत," ती म्हणाली.

"काय?" काका म्हणाले.

"चाचणी मी बनवली. बावीस वर्षांपूर्वी, मंडळात. प्रश्न ऐंशी ठरले, वेळ ठरायचा होता. मी दीड तास म्हणत होते. पण आम्हाला जो हॉल मिळाला होता तो अकरानंतर हिशेबाच्या वर्गाला दिलेला. दहाला मुलं आत घ्यायची, पेपर वाटायचे, गोळा करायचे. उरली चाळीस मिनिटं. मी म्हटलं, या वर्षापुरतं. मग तेच छापलं गेलं, तेच चालू राहिलं. पुढे लोक मला विचारायचे, चाळीसच मिनिटं का? मी सांगायचे, मेंदूचा वेग मोजतो आम्ही." ती थांबली. "कसला वेग. हॉल रिकामा करायचा होता."

तिने डोळे पुसले नाहीत. पाणी आपलं वाहत होतं.

"आता घरी बसल्या बसल्या जुन्या मुलांना फोन करते मी. तुम्हाला वाटतं वेळ घालवते. मी विचारते, काय करतोस, कुठे आहेस. दीडशेजणांना विचारलं. पहिले आलेले बहुतेक भाषा सोडून गेले. कुणी बँकेत, कुणी जमिनी विकतो. काही छान आहेत, नाही असं नाही. पण भाषेच्या कामाला चिकटून राहिलेल्यांत कितीतरी जण असे निघाले की जे दोनदा, तीनदा नापास होऊन कसेबसे आत आले. आधी सगळं बघून मग सुरुवात करणारे. त्यांना मी दर वेळी कोरे प्रश्न मोजून नापास करत होते. आणि मग आपल्या घरातलीच तशी निघाली. म्हणून मला वाटलं, हिने निदान 'जलद' लिहावं. माझ्या पापाचं फळ हिला नको."

बाबा उठून तिच्यामागे उभे राहिले. ताईच्या खांद्यावर हात ठेवायचं धाडस त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं. आता ठेवला, आणि तो तिने राहू दिला.

आई एवढा वेळ बोलली नव्हती. ती ग्रंथालयाच्या बांधणी विभागात कामाला होती, फाटक्या पुस्तकांची दुरुस्ती करत असे. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला एकच भाषा येत होती आणि अजूनही एकच येत होती. टेबलावरच्या वादांत तिला कुणी मुद्दाम वगळलं नव्हतं. विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं, इतकंच. सव्वीस वर्षांत तिला याचं वाईट वाटून वाटून संपलं होतं. पण आज तिने भोक बघितलं, आणि दुसरी भाषा न येणाऱ्या तिला ते भोक इतर सगळ्यांपेक्षा चांगलं वाचता आलं.

"ताई, जरा हात उचला," ती म्हणाली. "भावजी, तो दिवा इकडे घ्या. भोवऱ्या, माझ्या पिशवीत पत्र्याचा डबा आहे, आण."

"काकू, काय करतेस?"

"रोज करते तेच."

तिने डब्यातून पातळ, मोठ्या तंतूंचा कागद काढला, कांद्याच्या सालीसारखा. कात्री घेतली नाही. भोकापेक्षा जरा मोठा तुकडा तिने ओल्या ब्रशने रेघ मारून हाताने फाडला.

"कापत का नाहीस?" काकांनी विचारलं. सव्वीस वर्षांत त्यांनी तिला तिच्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न असावा.

"कापलं की धार राहते, हाताला लागते, डोळ्यालाही दिसते. फाडलं की तंतू मोकळे होतात आणि खालच्या कागदात मिसळतात." तिने मागच्या बाजूने खळ लावली, अगदी थोडी. तुकडा बसवला, हाडाच्या पट्टीने मधून कडेकडे दाबत गेली. मग फॉर्म उलटा करून भोकाच्या जागी पुढूनही खळीचा एक पातळ हात फिरवला. "नाहीतर शाई फुटेल." वर-खाली टिपकागद घालून तिने त्यावर शब्दकोशाचे दोन जाडजूड खंड ठेवले.

"अर्धा तास," ती म्हणाली. "त्याच्या आधी कुणी हात लावायचा नाही. ताई, तुम्हीसुद्धा."

"नाही लावत गं बाई," आत्या म्हणाली.

अर्धा तास ते सगळे त्या शब्दकोशांभोवती बसून राहिले. आईने चहा ठेवला. भोवऱ्याने ऑफिसात फोन करून सांगितलं की घरी अडचण आहे, उशीर होईल, आणि फोन ठेवून म्हणाला की आज माझा नंबर जाणार. काका म्हणाले, जाऊ दे गेला तर, आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. बाप-लेकाचं इतकं सरळ बोलणं बऱ्याच दिवसांनी झालं होतं.

पावणेचारला टिपकागद उचलला तेव्हा रकाना पूर्ण होता. ठिगळ जरा मळकट पांढरं, बोटाला किंचित खरखरीत.

"फार लिहू नकोस त्यावर," आई गोगीला म्हणाली. "एवढंच तोलेल ते."

गोगीने बॉलपेन घेतलं. आधी आठ रकाने लिहिले. वेळ लागला. नाव, वय, शिक्षण, एकेक अक्षर ती वाचून लिहीत होती. आत्याच्या हाताची बोटं दोनदा टेबलावर वाजायला निघाली आणि तिने ती मांडीखाली दाबली. नवव्या रकान्याशी गोगी थांबली. चांगली पाच मिनिटं थांबली. कुणी काही सुचवलं नाही. मग तिने लिहिलं : 'मी हळू काम करते. शेवटपर्यंत ऐकते.'

एकमत आहे का, असं कुणी विचारलं नाही.

"मी येते तिच्याबरोबर," आत्या म्हणाली. ती चपला शोधायला लागली होती.

पाचला दहा कमी असताना त्या इस्पितळाच्या खिडकीशी पोचल्या. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म घेतला आणि नवव्या रकान्यावरून अंगठा फिरवला.

"हे ठिगळ कसलं?"

आत्याच्या तोंडात तीन उत्तरं तयार होती. ती गिळून तिने गोगीकडे बघितलं.

"घरच्यांनी माझं उत्तर खोडून खोडून भोक पाडलं," गोगी म्हणाली. "मग आईने बुजवलं."

कारकून हसला. मागे बसलेल्या बाई उठून आल्या. मध्यम वयाच्या, केस घट्ट बांधलेले, गळ्यात दुभाषी विभागाचं ओळखपत्र. त्यांनी नववा रकाना वाचला आणि पुन्हा वाचला.

"प्रात्यक्षिक आज द्याल? सातव्या वॉर्डात एक आजी आहेत. चार दिवस झाले, घास घेत नाहीत. मी तिघा दुभाष्यांना पाठवलं. तिघेही पाच मिनिटांत परत आले, पोटात दुखतंय म्हणतात. सगळ्या तपासण्या झाल्या, पोटात काही नाही."

"वेळ किती असतो?" आत्याने सवयीने विचारलं.

"कसला वेळ?"

"प्रात्यक्षिकाचा."

बाई जरा गोंधळल्या. "आजींचं बोलणं होईपर्यंत," त्या म्हणाल्या.

वॉर्डाबाहेर बाक होता. दार अर्धं उघडं होतं आणि आत्याला आतलं ऐकू येत होतं. तिलाही ती भाषा येत होती, चांगली येत होती, चाळीस वर्षं तिने ती शिकवली होती. गोगीने खुर्ची खाटेजवळ घेतली, नाव सांगितलं आणि म्हणाली, बोला आजी. आजी म्हणाल्या, पोटात दुखतंय. गोगी गप्प राहिली. मग आजी बोलायला लागल्या. दिराच्या शेताबद्दल, एका विहिरीबद्दल, मुलगा कारखान्यात लागला त्याबद्दल, सुनेच्या हाताला चव नाही त्याबद्दल. आत्याला राहून राहून वाटत होतं की आत जाऊन विचारावं, पण आजी, दुखतंय कुठे? दोनदा ती बाकावरून उठली. दोनदा बसली. तिसऱ्यांदा तिच्या लक्षात आलं की आपण ऐकत नाही आहोत, आपण मुद्द्याची वाट बघतोय. आणि आयुष्यभर हेच केलंय, वर्गात, मंडळात, जेवणाच्या टेबलावर. मग ती नुसती ऐकत बसली. विहीर तिला आवडली.

बाहेर ऊन उतरलं. दिवे लागले. आतला आवाज बारीक होत गेला, इतका की काही कळेना.

गोगी बाहेर आली तेव्हा बाईही आल्या होत्या.

"त्यांची कवळी हरवलीये," गोगी म्हणाली. "भरती केलं त्या दिवशी रुमालात बांधून कुणाच्या तरी हातात दिली, ती परत आलीच नाही. दातांशिवाय त्यांना तोंड उघडायची लाज वाटते, आणि आलेले तिघेही पुरुष होते. पोट भुकेने दुखतंय. तपकिरी चौकड्यांचा रुमाल आहे."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग नर्सला बोलावलं, आणि नर्स अपघात विभागाकडे धावली. दहा मिनिटांनी रुमाल सापडला, हरवलेल्या सामानाच्या कपाटात, छत्र्यांच्या मागे. आजींनी तो पांघरुणाखाली नेला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. वळून पुन्हा इकडे बघितलं तेव्हा त्या हसत होत्या. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो जेवण कधी येतं हा.

"सोमवारी आठला या," बाई गोगीला म्हणाल्या. "पत्र मागाहून येईल."

गोगीला लगेच काही बोलता आलं नाही. बाई थांबल्या. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "येते."

आत्याने बाकावर बसूनच घरी फोन लावला. पहिल्या घंटेलाच बाबांनी उचलला. तिने सांगितलं. पलीकडून काहीच आवाज आला नाही, आणि ती समजली की तो रडतोय. लहानपणीही तो असाच रडायचा, बिनआवाजाचा. मग काकांनी फोन हिसकावून घेतला असावा.

"ताई, किती वेळ लागला तिला?" त्यांनी विचारलं.

आत्याने समोर बघितलं. गोगी दारात उभी राहून आजींना हात हलवत होती, आणि आजींचं अजून काहीतरी सांगायचं राहिलं होतं.

"मी बघितलं नाही रे," ती म्हणाली.

फोन पुन्हा दुसऱ्या हातात गेला. आता आई होती. "ताई, आम्ही जेवायला थांबतो," ती म्हणाली. "सावकाश या."